‘पाचारण’ असलेला बॉस परवडतो का?

दुसरीओळ (धागाकर्ता)

ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्यांना ‘पाचारण’ हा शब्द नवा नाही. देवानं तुम्हाला कशासाठी तरी बोलावलंय, ते ओळखा आणि तसं जगा. लहानपणी माझा समज असा की पाचारण होतं ते पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, बाकीच्यांना नुसती नोकरी लागते. खरं तर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२० सालीच लिहून ठेवलंय की शेतात राबणारा माणूस आणि घरकाम करणारी बाई यांचं काम देवाच्या लेखी मठवासीयाच्या कामाहून तसूभरही कमी नाही. मला हे उमगायला चाळिशी उजाडली.

मी एका तपासणी प्रयोगशाळेत अकरा जणांचा प्रमुख आहे. मागच्या वर्षी आमच्याकडून एक अहवाल चुकीचा गेला. दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं. आकडा भरला होता सर्वांत नव्या मुलीनं, पण खाली सही माझी, आणि ती मी न वाचता ठोकली होती. वरून खुलासा मागितला गेला. रात्री लिहायला बसलो. पहिलंच वाक्य : ‘नवीन कर्मचाऱ्याकडून अनवधानाने...’ त्यात खोटं काहीच नव्हतं. मग झोपण्याआधी सवयीनं प्रार्थनेला बसलो आणि ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ (म्हणजे आमचे अपराध माफ कर) इथं जीभ अडली. पुढचं येईना. उठलो, ते वाक्य खोडलं, ‘मी न तपासता सही केली’ असं लिहिलं आणि सकाळी सगळ्या टीमसमोरही तेच सांगितलं.

पाचारणाचा अर्थ मला त्या रात्री लागला. आयुष्याचं ध्येय वगैरे फार मोठे शब्द झाले. सगळे घरी गेल्यावर जाब कुणाला द्यायचा, एवढाच प्रश्न आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. ते काम घरातल्या दासाचं. पेत्र नावाच्या शिष्याला ते सहन होत नाही, तो नको म्हणतो. धुतलेल्या पायांत येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचेही दोन होते, हे मी बरीच वर्षं लक्षातच घेतलं नव्हतं.

माझं मत असं की या श्रद्धेतून नेतृत्वाला जो कणा मिळतो तो व्यवस्थापनाच्या कुठल्याही प्रशिक्षणातून मिळत नाही. तुमचं काय मत?

कोरडाठाक

प्रसंग आवडला, निष्कर्ष नाही. मी कुठलाच देव मानत नाही. ते वाक्य मीही खोडलं असतं, आणि जीभ न अडता. (हलके घ्या.)

‘जाब कुणाला द्यायचा’ हे तुम्हाला एका रात्रीत कळलं म्हणता. जॉन न्यूटनला किती वेळ लागला बघा. हा इंग्रज खलाशी. १७४८ साली वादळात जहाज बुडता बुडता वाचलं आणि गडी देवाकडे वळला. पुढं काय केलं? गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा कप्तान झाला! डेकवर रविवारची उपासना, खाली साखळदंडात माणसं. १७५४ मध्ये समुद्र सोडला तोही तब्येतीनं दगा दिला म्हणून. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर पत्रक काढलं १७८८ साली. वादळापासून मोजा, चाळीस वर्षं झाली. प्रार्थना तर रोज चालू होती. मग कणा कुठं होता?

पानगळ

न्यूटनची अर्धीच गोष्ट सांगितलीत. १७८५ मध्ये विल्बरफोर्स नावाचा तरुण खासदार श्रद्धेच्या वाटेला लागला आणि राजकारण सोडून धर्मकार्यात जावं का, हे विचारायला तोवर पाळक झालेल्या याच न्यूटनकडे गुपचूप गेला. न्यूटननं सांगितलं, संसदेतच राहा. १७९१ साली गुलामांच्या व्यापारावर बंदीचा ठराव आला तो ८८ विरुद्ध १६३ मतांनी आपटला. मग पुन्हा, मग पुन्हा. कायदा झाला १८०७ मध्ये. आणि गुलामगिरीच संपवणारं विधेयक मंजूर होणार हे नक्की झाल्याची बातमी विल्बरफोर्सच्या कानावर आली १८३३ साली, मरणाच्या तीन दिवस आधी.

आता मला सांगा, सोळा वर्षं हरत राहून दरवेळी त्याच विषयावर उभं राहायला माणसाला काय लागतं? निवडून यायची हाव तर नक्कीच नाही. १७८७ मध्ये लंडनला जी बंदी-समिती बनली तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ जण क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते. क्वेकरांना त्या काळी संसदेत बसायचीही मुभा नव्हती. सत्ता नाही, मतं नाहीत, तरी सुरुवात त्यांनी केली.

कोरडाठाक

आणि समोरच्या बाजूला कोण होतं, नास्तिक? इंग्लंडच्या चर्चच्या एका मिशनरी संस्थेच्या मालकीचा बार्बाडोस बेटावर कॉड्रिंग्टन नावाचा ऊसमळा होता, गुलामांसकट. तोच पवित्र शास्त्राचा ग्रंथ, तीच प्रार्थना. दोन्ही बाजूंना पाचारण होतंच की! श्रद्धेनं माणूस चिवट होतो हे मान्य. पण चिवट माणूस बरोबरच असतो हे कुणी ठरवलं? चुकीच्या दिशेनं चाललेला चिवट माणूस तर मला आळशापेक्षा जास्त धोकादायक वाटतो.

आपलंतुपलं

अवांतर : पाय धुण्याचं आता रीतसर प्रशिक्षण मिळतं. रॉबर्ट ग्रीनलीफ हे क्वेकर गृहस्थ, अमेरिकेतल्या ए. टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीत ३८ वर्षं काढलेले. त्यांनी १९७० साली ‘सेवक हाच नेता’ ही कल्पना निबंधात मांडली. गंमत म्हणजे ती त्यांना सुचली एका कादंबरीतल्या नोकराच्या पात्रावरून. आमच्या ऑफिसात त्यावर दोन दिवसांची कार्यशाळा झाली. सेवक-नेते तिसऱ्या रांगेत बसून मोबाइल बघत होते आणि खुर्च्या नेहमीच्याच माणसांनी उचलल्या.

तिसरीघंटा

मी विश्वासी आहे. बाप्तिस्मा घेतलाय, रविवार चुकवत नाही. तरी या धाग्यात मी कोरडाठाक यांच्या शेजारी उभी आहे.

सहा वर्षं एका ख्रिस्ती सेवाभावी संस्थेत काम केलं. नाव सांगत नाही. आमचे प्रमुख पहाटे चारला उठून प्रार्थना करायचे, आणि त्यात ढोंग नव्हतं. पण बैठकीत त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : ‘मी यावर प्रार्थना केली आहे.’ ते वाक्य पडलं की विषय संपला. एकदा नवं वसतिगृह काढायचं ठरलं. हिशेबनीस बाईंनी वही उघडून दाखवलं, पैसे आठ महिनेसुद्धा पुरणार नाहीत. साहेब हसून म्हणाले, ‘तुमच्याकडे आकडे आहेत, विश्वास कमी पडतोय.’ सगळे हसले. बाईंनी वही मिटली. वर्षाच्या आत वसतिगृह बंद पडलं, पाच जणांची नोकरी गेली. साहेब म्हणाले, ‘देवाची वेळ अजून आली नव्हती.’

वही मिटल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मीही तेव्हा हसले होते.

दुसरीओळ, तुम्ही म्हणता श्रद्धावान प्रमुख देवाला जाब देतो. ते खरंच, पण देवाला दिलेला जाब ऐकू कुणाला येतो? फक्त त्यालाच. उत्तर काय आलं हेही तोच सांगणार. ज्याँ व्हानिए आठवा. मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या माणसांबरोबर त्यांनी १९६४ साली फ्रान्समध्ये एक घर सुरू केलं, त्यातून ‘लार्श’ ही संस्था जगभर पसरली. लोक त्यांना जिवंतपणी संत म्हणत. २०१९ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याच संस्थेनं चौकशीचा अहवाल जाहीर केला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी कित्येक वर्षं स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. पाय धुणारा हातही तपासावा लागतो. अहवाल काढायची हिंमत संस्थेनं दाखवली याचं मात्र मला फार मोल वाटतं.

आणि हे काही बाहेरून आणलेलं शहाणपण नाही, शास्त्रातच आहे. दुसऱ्याची बायको घेणाऱ्या दावीद राजाला नाथान संदेष्टा गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो आणि शेवटी तोंडावर म्हणतो, ‘तो माणूस तूच!’ बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की मी पेत्राला समोरासमोर अडवलं. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे दिवसभर एकटा न्यायनिवाडा करत बसलेला असतो, तेव्हा ‘असं केलंस तर तूही थकशील आणि लोकही’ हे त्याला स्वर्गातून ऐकू येत नाही. सासरा सांगतो, तोही मिद्यानाचा याजक, बाहेरचा. मोशे निमूट ऐकतो. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत तर स्पष्ट कलमच आहे : महत्त्वाचा निर्णय असेल तर मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवावं, कारण जे योग्य ते प्रभू पुष्कळदा सर्वांत लहानाला दाखवतो. आमच्या संस्थेत सर्वांत लहान कोण, तर चहाचे कप गोळा करणारी मी. मला कुणी विचारलं नाही.

पानगळ

तिसरीघंटा, हे वाचून थोडा वेळ थांबलो. तुमच्या साहेबांची बाजू घेणार नाही. पण यावरून श्रद्धाच बाजूला ठेवा असं होत नाही ना? नाथान ज्याच्या बळावर बोलला तीही श्रद्धाच. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला, आणि मग इंग्लंडच्या चर्चच्या मठातल्या ज्या अँग्लिकन भगिनींनी आधार दिला होता त्यांच्याशीच पत्रांतून वाद घालत राहिल्या. शिकवण माझ्या बुद्धीला आणि विवेकाला पटली तरच घेईन, हा त्यांचा हेका. पुढं शारदा सदन, मुक्ती मिशन जे काही उभं राहिलं ते या बाईनं. मान तुकवणं आणि श्रद्धा या दोन गोष्टी त्यांनी कधी एक होऊ दिल्या नाहीत.

रात्रपाळी

नर्स आहे, एकोणीस वर्षं. पाचारणाबद्दल खालच्या माणसाचं एक ऐका. ‘सिस्टर, ही नोकरी नाही, सेवा आहे’ हे वाक्य मला आजवर फक्त रजा नाकारताना ऐकवलं गेलंय. एकदाही पगारवाढ देताना नाही.

सेवा मी मानते. माझ्या कामात मला देव भेटतो, पहाटे तीनला एखाद्या म्हाताऱ्या माणसाची चादर बदलताना जास्तच. पण ते माझं मी म्हणायचं असतं. वरच्यानं माझ्या वतीनं म्हटलं की त्याचा हिशेब होतो. ‘तुमच्यात जो मोठा होऊ पाहतो त्यानं सेवक व्हावं’ हे मार्काच्या शुभवर्तमानातलं वाक्य ज्याला मोठं व्हायचंय त्याला उद्देशून आहे. आधीच जो सेवक आहे त्याला आणखी राबवून घ्यायला नाही.

कोरडाठाक

+१. आख्ख्या धाग्यात मला सर्वांत पटलेला प्रतिसाद, आणि तो श्रद्धावान बाईंचा. माझीच पंचाईत.

उंबरठा

फार तात्त्विक चाललंय. माझा एकच बारका प्रश्न धागाकर्त्यांना. सगळ्या टीमसमोर सांगण्याआधी त्या मुलीला विचारलं होतंत?

दुसरीओळ (धागाकर्ता)

उंबरठा, तिचं नाव मी घेतलं नव्हतं. फक्त माझी चूक सांगितली.

उंबरठा

अहो, अकरा माणसांत नवी एकच. नाव घ्यायची गरज तरी होती का?

आपलंतुपलं

पॉपकॉर्न आणायला जावं म्हणत होतो, आता नको वाटतंय.

पानगळ

उंबरठा, जरा कठोर होतंय. माणसानं चूक लपवली असती तर आपण बोललो असतोच. कबूल केली तरी बोलायचं?

उंबरठा

कबूल करू नये असं कुठं म्हटलंय? खुलाशात लिहिलं, तिथंच काम झालं होतं. सकाळची सभा कुणासाठी होती, एवढंच विचारतेय. पाय धुताना येशूनं पेत्राचं ‘नको’ निदान ऐकून तरी घेतलं, त्याच्याशी बोलला. इथं समोरच्याला बोलायला जागाच नव्हती. एखादा माणूस तुमच्यासाठी चारचौघांत एवढा नम्र झाला की तुम्ही काय बोलणार? आभारच मानावे लागतात.

दुसरीओळ (धागाकर्ता)

तीन दिवसांनी लिहितोय. पहिले दोन दिवस उंबरठा यांच्यावर चिडण्यात गेले, प्रामाणिकपणे सांगतो.

काल तिला विचारलं. केबिनमध्ये बोलावलं नाही, तिच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसलो. आधी ‘तसं काही नाही सर’ म्हणाली. मी बसून राहिलो. मग म्हणाली, त्या सकाळनंतर प्रत्येक आकडा तीनदा तपासते, त्यामुळे रोज उशीर होतो. आकडा कुणी भरला होता हे सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं. जेवणाच्या सुट्टीत एक-दोघं दशांशचिन्हावरून विनोदही करत होते. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी माझ्या पाचारणाच्या अर्थात मश्गूल होतो.

मग तिनं जुना नोंदतक्ता काढून दाखवला. दोन रकाने इतके चिकटून छापलेले की आकडा शेजारच्या रकान्यात सरकणं अगदी सहज शक्य. म्हणाली, ‘हे मी रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही बघू म्हणालात.’

मला ते आठवत नाही. पण ‘बघू’ हा शब्द माझाच आहे, दिवसातून वीसदा म्हणतो.

रकाने आता लांब केलेत, तिनंच केले. अहवालावर सही करण्याआधी दुसऱ्या कुणीतरी आकडे मोठ्यानं वाचायचे आणि मी मूळ नोंदीशी ताडायचे, ही तिची सूचना, सोमवारपासून चालू आहे. तिसरीघंटा, बेनेडिक्टचं ते कलम मी वाचलं होतं. मंडळीच्या अभ्यासवर्गात त्यावर बोललोही होतो.

श्रद्धेबद्दलचं माझं मत मी मागे घेत नाहीये. त्या रात्री जीभ अडली नसती तर तो खुलासा तसाच गेला असता. कोरडाठाक, तुम्ही न अडता खोडला असता, मी नसता.

कोरडाठाक

हे मान्य. माणसागणिक वेगळं असू शकतं.

उंबरठा

उत्तर दिल्याबद्दल आभार. चिडलात तेही ठीक.

फक्त एक राहिलं. वर पाठवलेल्या त्या खुलाशात ‘बघू’ होतं का?

दुसरीओळ (धागाकर्ता)

नव्हतं.