शब्दचर्चा : अतिसंवाहक केबल

प्रश्न : वीजखाऊ डेटा सेंटरना वीज पुरवण्याच्या नव्या सुपरकंडक्टर केबलविषयी वाचताना ‘अतिवाहक’, ‘अतिसंवाहक’ आणि ‘अतिचालक’ असे तिन्ही शब्द आढळतात. यांपैकी कोणता वापरावा? शिवाय ‘अति’ म्हणजे तांब्याहून बरीच सरस वाहक, एवढाच अर्थ घ्यायचा का?

उत्तर : ‘अतिचालक’ हा हिंदीतला शब्द आहे; एसटीत चालक गाडी हाकतो आणि वाहक तिकिटे देतो, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकासाठी तो गैरसोयीचाच. उरलेल्या दोहोंपैकी मी ‘अतिसंवाहक’ घेईन, कारण मराठी विश्वकोशातही ‘अतिसंवाहकता’ असेच रूप आहे.

अर्थाच्या बाबतीत मात्र ‘अति’ फसवा आहे. तांबे कितीही शुद्ध केले तरी त्यात विजेच्या प्रवाहाला थोडा रोध (अडथळा) असतोच, पण अतिसंवाहकाचा रोध ठरावीक तापमानाखाली एकाएकी नाहीसा होतो. डच भौतिकशास्त्रज्ञ कामर्लिंग ओनेस यांना 1911 साली नेदरलँड्समधील लायडन येथे हे पाऱ्यात दिसले, ते 4.2 केल्व्हिन, म्हणजे सुमारे उणे 269 अंश सेल्सिअस, इतक्या थंडीत. 1987 साली इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडमध्ये हाच गुण द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे 196 अंश सेल्सिअसला, टिकतो असे आढळले आणि अशा केबलचा व्यवहारात विचार करता येऊ लागला.

जर्मनीतील एसेन शहरात 2014 साली कार्यान्वित झालेली सुमारे एक किलोमीटरची केबल 10 किलोव्होल्ट दाबावर 40 मेगावॉट वीज नेण्यासाठी बनवलेली होती. एवढी वीज तिथे एरवी 110 किलोव्होल्टवर आणतात. दाब अकरापट उतरवला की प्रवाह अकरापट वाढतो, आणि तीन फेजांचा हिशेब केला तर तो प्रत्येक फेजमध्ये सुमारे 2,300 अँपिअर भरतो. तांब्यातून तो न्यायचा तर जाडजूड केबलचे जुडगेच पुरावे लागेल. कमी दाब, प्रचंड प्रवाह आणि अपुरी जागा ही डेटा सेंटरचीही नेमकी अडचण असल्यामुळे तिथे या केबलचे नाव निघते.

पुरवणी : वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त अशा केबलला ‘रोधरहित’ म्हणावे, ‘तोटारहित’ लिहू नये, कारण एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या, प्रवाहात अशा केबलमध्येही थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि नायट्रोजन थंड राखणाऱ्या यंत्रणेला तर अखंड वीज लागते. जाहिरातीत हा फरक गाळला जाऊ शकतो.