वारसा-फेरी: ओकस रोडचा चढ ठेवायचा की गाळायचा?

प्रेषक: कार्यवाह
स. न. वि. वि. इंग्लंडमधील आपल्या स्विंडन शहरातील जुन्या रुग्णालयांच्या वारसा-फेरीचे पत्रक उद्या छपाईला जाणार असल्याने निर्णय आज रात्रीपर्यंत हवा. रेल्वेचे जुने रुग्णालय आणि मिल्टन रोडचा दवाखाना ही दोन ठिकाणे लागूनच आहेत. ओकस रोडवरील जुन्या व्हिक्टोरिया रुग्णालयासाठी मात्र टेकडी चढावी लागते. मागील फेरीत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. हा थांबा गाळावा, असे मला वाटते.

प्रेषक: काका
माझा विरोध नोंदवावा. ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीच्या कामगारांच्या पगारातून आठवड्याला वर्गणी कापून १८४७ मध्ये सुरू झालेल्या मेडिकल फंडाने डॉक्टर, औषधे आणि पुढे १८७१ च्या सुमारास अपघातग्रस्तांसाठी छोटे रुग्णालयही दिले. पण हे सर्व कारखान्यातील माणसे व त्यांची कुटुंबे यांच्यापुरतेच होते. शहरातील मोलकरणींनी, दुकानातील नोकरांनी कोठे जायचे? त्यांच्यासाठी देणग्यांवर चालणारे व्हिक्टोरिया होते. १९०० साली जुने व नवे स्विंडन मिळून एक नगरपालिका झाली, तरी रुग्णालये दोन तऱ्हांचीच राहिली. खालचे तेवढे दाखवले, तर फेरी कंपनीची जाहिरात ठरेल.

प्रेषक: वहिनी
काका, चढाचे म्हणाल तर त्या काळच्या रुग्णांचा विचार करा. मोटार रुग्णवाहिका सर्रास नव्हत्या. सेंट जॉन या प्रथमोपचार संस्थेचे स्वयंसेवक दोन चाकांच्या हातगाडीवर स्ट्रेचर ठेवून ती ढकलत नेत. रेल्वेतील पुष्कळ कामगार प्रथमोपचाराच्या वर्गांना जात. १९१९ नंतर रेडक्रॉस व सेंट जॉन यांनी युद्धातून उरलेल्या मोटारी गावोगावी दिल्या. गोव्यातील आमच्या सत्तरी तालुक्यात आजोबांना खुर्चीला बांबू बांधून डांबरी रस्त्यापर्यंत आणले होते, ते मी स्वतः पाहिले आहे.

प्रेषक: कोषाध्यक्ष
मसुद्यात ‘राष्ट्रीय आरोग्यसेवेचा जन्म येथेच झाला’ असे वाक्य आहे, ते काढावे. ब्रिटनची ही सेवा सुरू करणारे आरोग्यमंत्री बेव्हन यांच्यासमोर त्यांच्या वेल्समधील ट्रेडेगार गावच्या मेडिकल एड सोसायटीचाही (कामगारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या अशाच संस्थेचा) नमुना होता.

प्रेषक: स्मरणिका समिती
मजकूर हा आमच्या समितीचा विषय आहे. सूचना आमच्याकडे पाठवल्या असत्या, तर बरे झाले असते. वाक्य मात्र काढले आहे.

प्रेषक: कार्यवाह
थांबा ठेवतो. चढ झेपणार नाही त्यांच्यासाठी मोटारी लागतील. वहिनींनी यादी करावी. पेट्रोलचा खर्च कोषाध्यक्षांनी आजच मंजूर करावा.

प्रेषक: कोषाध्यक्ष
मंजूर, परंतु पार्किंगचे पैसे ज्याचे त्याने भरावेत.