रंग उडाला, विटला की सुटला?

बोरू:
यूव्ही प्रिंटच्या (दिव्याखाली घट्ट होणाऱ्या शाईने छापलेल्या पाट्यांच्या) कोटेशनवर हमीची ओळ लिहायची आहे. बाजारात सरसकट 'दोन वर्षे रंग उडणार नाही' असं छापतात. पण उडणे म्हणजे काय काय धरायचं? पाटी फिकी पडली तरी 'रंग उडाला', शाईचा पोपडा निघाला तरी 'रंग उडाला'. उन्हाने होतं त्याला नेमकं क्रियापद कोणतं?

कोशवेडी:
विटणे. विटकी साडी, विटका पडदा. यात रंगाचा थर जागेवरच असतो, तेज गेलेलं असतं. 'उतरणे' आणि 'जाणे' धुण्याकडे झुकतात, म्हणजे रंग वस्तूवरून निघतो आणि बादलीतल्या पाण्यात दिसतो. 'फिका' चालेल, पण रंग मुळातही फिका असू शकतो. विटका रंग मात्र कधीच मुळातला नसतो. 'उडणे' बोलण्यात ठीक, हमीपत्रात फार मोघम.

रंगारी:
हा भेद धंद्यातही पाळायला हवा, कारण दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी.

विटणं हे रंगद्रव्याचं दुखणं आहे. उन्हाने त्याचे रेणू मोडतात, पण छपाईच्या चारही शाया (निळा सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा) सारख्या वेगाने मोडत नाहीत. सायनमधलं थॅलोसायनिन हे रंगद्रव्य आणि काळ्यातला कार्बन चिवट असतात, पिवळा आणि मॅजेंटा आधी जातात. म्हणून जुनी पाटी निळसर दिसते. पिवळा गेला की लाल अक्षर गुलाबी पडतं आणि हिरवं पान निळं. पिगमेंट यलो १२, १३, १४ या डायअरिलाइड गटातला पिवळा बाहेरच्या कामाला घेऊच नये. यलो १५० किंवा १५५ आहे का, आणि मॅजेंटात क्विनाक्रिडोन (रेड १२२) आहे का, हे पुरवठादाराला लेखी विचारावं. फिकट छटा गडद रंगाच्या आधी विटतात, कारण तिथे रंगद्रव्यच थोडं असतं. बाहेरच्या पाटीवर १० टक्के छटेची नाजूक पार्श्वभूमी ठेवायचा आग्रह डिझायनरने सोडलेला बरा.

सुटणं हे पकडीचं दुखणं. रंग झगझगीत असतो, पण नखाने पोपडा निघतो. अ‍ॅक्रिलिक, काच किंवा एसीपीवर (अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या पॅनेलवर) बोटांचा तेलकटपणा राहिला, प्रायमर (पकडीसाठी आधी द्यायचा थर) टाळला किंवा शाई आतून कच्ची राहिली की हे होतं. छापल्यावर २४ तासांनी ब्लेडने १ मिमी अंतरावर ११ उभ्या आणि ११ आडव्या रेघा मारा, टेप घट्ट दाबा आणि दीडेक मिनिटात जवळजवळ उलट दुमडून ओढून काढा. एएसटीएम डी ३३५९ या पकड तपासायच्या मानकाप्रमाणे काहीच निघालं नाही तर ५बी (सर्वात चांगली पकड), ६५ टक्क्यांहून जास्त निघालं तर ०बी (सर्वात वाईट).

तिसरं दुखणं म्हणजे शाईला बांधून ठेवणारं राळेचं जाळं उन्हाने झिजतं आणि रंगद्रव्य मोकळं पडतं. बोट फिरवलं की भुकटी लागते. याला शब्द सुचवा.

कोशवेडी:
जुन्या भिंतीला टेकलं की चुना कपड्याला लागतो, तसंच हे. 'पिठूळ होणे' म्हणा.

शाईदौत:
घोळ 'यूव्ही' या अक्षरांतच आहे. ग्राहकाला वाटतं, यूव्ही प्रिंट म्हणजे उन्हाला दाद न देणारी. इथे यूव्ही आहे तो शाई घट्ट करणारा दिवा, बहुतेक यंत्रांत ३९५ नॅनोमीटरचा एलईडी. शालेय पुस्तकांतला 'अतिनील' आणि विश्वकोशातला 'जंबुपार' किरण तो हाच. त्याचीच भावंडं नंतर उन्हातून येऊन रंग मोडतात.

आणि ही शाई 'वाळते' असं म्हणू नये. उडून जायला तीत पाणी किंवा सॉल्व्हेंट जवळजवळ नसतंच. रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं तयार होतं. मग काय म्हणायचं, थिजते?

कोशवेडी:
थिजलेलं तूप ऊब लागली की पुन्हा पातळ होतं, ही शाई होत नाही. 'आळणे' म्हटलं तर आटणं आलं. त्यापेक्षा कारागीर म्हणतात तेच बरं: शाई पक्की झाली, शाई कच्ची राहिली.

रंगारी:
मान्य, पण इथे खड्डा आहे. कापडाच्या भाषेत 'पक्का रंग' म्हणजे न विटणारा, न उतरणारा. शाई दिव्याखाली पूर्ण पक्की झाली तरी तिचा रंग पक्का असेलच असं नाही. उलटही होतं. उत्तम रंगद्रव्य असूनही शाई कच्ची राहते, विशेषतः गडद काळ्यात आणि पांढऱ्याच्या जाड थरात, कारण वरचा थर प्रकाश अडवतो. तिथे वेग कमी करावा, पास (छपाईच्या फेऱ्या) वाढवावेत, पांढरा दोन पातळ थरांत द्यावा आणि दिव्याची काच पुसून ठेवावी. मात्र व्हिनाइलवर दिव्याचा मारा अती झाला तर शाई ठिसूळ होऊन वळणावर तडकते.

अतिनील शोषणाऱ्या लॅमिनेशनने विटणं लांबतं. कच्च्या शाईवर त्याचा उपयोग शून्य, फिल्मच शाईला घेऊन उचकटते.

बोरू:
मग ओळ अशी: 'उघड्यावर, लॅमिनेशनसह, अमुक महिने रंग ठळकपणे विटणार नाही, पोपडे निघणार नाहीत.' बरोबर?

शाईदौत:
'ठळकपणे' काढा, त्यावरूनच भांडण होईल. त्याच शाईची, त्याच पृष्ठावरची पट्टी त्याच दिवशी छापा, दोन तुकडे करा. एक काळ्या पाकिटात ग्राहकाच्या सहीसह कपाटात, दुसरा पाटीशेजारी. ओळीत लिहा: 'पाकिटातल्या नमुन्याशी ताडून.' कामाआधी शाई पारखायची असेल तर पट्टी अर्धी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्रीने झाका आणि दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशांत गच्चीवर ठेवा. झाकलेल्या कडेला रेघ दिसायला लागली की विटणं सुरू झालं.

कोशवेडी:
आणि 'पोपडे' ठेवाच. 'रंग सुटणे' लिहिलंत तर कुणीतरी 'सुटला' म्हणजे धुऊन गेला असंच वाचेल.