वादळात वाळूचं बेट सरकतं, ते ट्रेमध्ये कसं दाखवायचं?

तासगावकर_भूगोल: नववीच्या मुलांचं विज्ञान प्रदर्शन आहे. विषय बॅरिअर बेटं, म्हणजे किनाऱ्याला समांतर असलेले वाळूचे लांबट पट्टे. ट्रेमध्ये वाळूचा बांध घालून लाटा दिल्या की तो समोरून झिजून सपाट होतो, बस. बेट जमिनीकडे सरकताना दिसत नाही. काय चुकतंय?

कृष्णाकाठ: सर, पाण्याची पातळी तीच राहतेय. वादळात आधी समुद्र चढतो, मग त्या चढलेल्या पाण्यावर लाटा येतात. लाट टेकडीच्या पायथ्याशीच अडली तर नुसती झीज होते. माथा ओलांडला तरच वाळू मागच्या खाजणात, म्हणजे बेट आणि जमीन यांच्यामधल्या उथळ पाण्यात, पंख्यासारखी पसरते, आणि बेट मागे सरकतं ते मुख्यतः त्यामुळे.

ट्रे १ मीटर बाय ४० सेमी. बांध १५ सेमी रुंद, ५ सेमी उंच. दोन्ही बाजूंना ३ सेमी पाणी भरा. एकीकडेच भरलंत तर पाणी बांधातून झिरपून मागचा उतार ढासळतो. मग समुद्राच्या बाजूला मगाने हळूहळू पाणी ओता. ती बाजू ६० सेमी लांब असेल तर १ सेमी चढायला सुमारे अडीच लिटर लागतं. साडेचार सेमीला थांबून फळीने सेकंदाला एक, अशा छोट्या लाटा द्या.

मातीपरीक्षक_सातारा: क्रश सँड नको. तिच्यातल्या भुकटीने पाणी गढूळ होतं, बांधही घट्ट बसतो. धुतलेली, चाळलेली बारीक नदीची वाळू घ्या. खुणेसाठी रांगोळी टाकू नका, ती बारीक असल्याने पाण्यात उडते. त्याच वाळूतली मूठभर ऑइलपेंटने रंगवून पूर्ण वाळवा आणि समोरच्या उतारावर पसरा. शेवटी पाणी काढून पट्टीने बांध आडवा कापला की रंगीत थर मागे गेलेला दिसेल. मुलांना हा छेद जरूर दाखवा, सगळ्यात मोलाचा भाग तोच.

तासगावकर_भूगोल: आभारी आहे. बेट मधोमध तुटतं तेही दाखवता येईल?

कृष्णाकाठ: येईल, पण ते पुष्कळदा मागून तुटतं. २०१९ च्या डोरियन वादळात अमेरिकेतल्या नॉर्थ कोअर बँक्सवर खाजणात कोंडलेलं पाणी समुद्राकडे उलटलं आणि त्याने बेटात कितीतरी चर पाडले. माथ्यावर बोटाने खोल खाच करा, खाजण काठोकाठ भरा आणि समुद्राकडचं पाणी नळीने झपाट्याने ओढून घ्या. खाचेचा तळ खाजणाच्या पातळीखाली हवा, नाहीतर काहीच होत नाही.