मदत हवी आहे: एकाच खोलीत गोल्फ आणि विमान, दोन्ही सिम्युलेटर जमतील का?

नमस्कार मंडळी,

घरातली एक खोली मोकळी झाली आहे. मला तिथे गोल्फचा सिम्युलेटर हवाय. लेक वैमानिकाचं प्रशिक्षण घेतेय, तिला सराव करायचाय. पडदा, प्रोजेक्टर आणि तगडा संगणक दोघांनाही लागणार, मग सगळं दोनदा कशाला घ्यायचं?

खोली साडेपाच मीटर लांब, चार रुंद, छत पावणेतीन मीटरवर. चेंडूपासून पडदा जेमतेम तीन मीटर. अशा जागेत चेंडूचा फटका मोजायला रडारवालं यंत्र घ्यावं की कॅमेऱ्यावालं? आणि लेकीसाठी हलणारी खुर्ची लागेल का? घरी केलेल्या सरावाचे तास लॉगबुकात (वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीत) धरतात का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
कॅमेरा घ्या. ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या काठीने) मारलेला चेंडू सेकंदाला 60 मीटरने सुटला, तर तो 1/20 सेकंदात पडद्यावर आदळणार. रडारला बघायला मिळतं ते एवढंच, शिवाय त्याला चेंडूच्या मागेही दोनेक मीटर जागा लागते. पुढचं सगळं उड्डाण गणितातून येतं, त्यामुळे फिरकी चुकीची मोजली की स्लाइस, म्हणजे बाजूला वळणारा फटका, सरळ दिसायला लागतो! कॅमेरा आघातानंतरचे लागोपाठ फोटो घेऊन फिरकी मोजतो.

छताचं म्हणाल तर साधारण तीन मीटर असावं असं सांगतात. खरेदीआधी घरातल्या सर्वांत उंच माणसाला ड्रायव्हर सावकाश फिरवायला लावा. प्रोजेक्टर शॉर्ट थ्रो (जवळून मोठं चित्र पाडणारा) घ्या, नाहीतर तुमचीच सावली पडद्यावरच्या मैदानावर पडेल. पडदा भिंतीला चिकटवू नका, चेंडू उलटा अंगावर येतो.

प्रतिसाद २
मी उड्डाण प्रशिक्षक आहे. खुर्चीचा नाद सोडा.

एअरलाइनच्या सिम्युलेटरला हलवणारे सहा पाय असतात, पण तेही विमानासारखं सतत वेग वाढवू शकत नाहीत. टेकऑफला केबिन मागे कलते, गुरुत्वाकर्षण पाठ खुर्चीत दाबतं आणि समोर क्षितिज सपाट दिसत असल्याने मेंदू त्यालाच वेग वाढणं समजतो. चित्र आणि हालचाल यांतला उशीर मिलिसेकंदांत मोजून नियामक संस्था त्याला प्रमाणपत्र देते. घरच्या स्वस्त खुर्चीत हा मेळ बिघडला की मळमळ ठरलेली.

एडविन लिंकने 1929 मध्ये ऑर्गनचे भाते वापरून ट्रेनर, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारं यंत्र, बनवला. अमेरिकी लष्कराने 1934 मध्ये तो घेतला, कारण खराब हवेत टपाल नेणारे वैमानिक कोसळत होते. त्यांना उपकरणं बघून उडवायला शिकवायचं होतं, आणि घरी हेच उत्तम शिकता येतं. योक (विमानाचं सुकाणू), रडर पेडल (पायाने विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायला), थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायला) घ्या. उपकरणांसाठी वेगळा मॉनिटर जवळ ठेवा. बाहेरच्या दृश्याला मात्र तुमचा तीन मीटरवरचा पडदा टेबलावरच्या स्क्रीनपेक्षा बरा.

चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं, अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणं) हे सगळं घोटून घ्या. लँडिंगचा फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) घरी शिकू नये; हाताला येणारा जोर तिथे खोटा असतो. तास धरायचे तर मान्यताप्राप्त उपकरण आणि त्यावर प्रशिक्षक लागतो, घरचे नाहीत.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. खुर्ची रद्द, कॅमेरा पक्का. आता एकच: योकचं टेबल चाकांवर ठेवून माझ्या खेळाच्या वेळी बाजूला सारता येईल, पण पेडल गोल्फच्या मॅटवर सरकणार. कुणी फळीवर बसवली आहेत का?

प्रतिसाद २
हो. पेडल आणि खुर्चीचे पाय एकाच प्लायवर आवळा. नुसती पेडल बसवली तर पाय दाबला की खुर्चीच मागे जाते.