सीओटूपासून इथिलीन की फॉर्मिक अॅसिड? आधी विजेचा हिशोब मांडूया

तांबट:
माझं मत सरळ आहे, वीज वापरून सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडचं) इथिलीन, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, करायच्या मागे आत्ता लागू नये. जपानच्या योशिओ होरींनी १९८० च्या दशकात दाखवलं की तांब्याच्या इलेक्ट्रोडवर सीओटूपासून मिथेन, इथिलीन निघतं, शोध मोठाच आहे, पण इथिलीनच्या एका रेणूला १२ इलेक्ट्रॉन लागतात. ही प्रक्रिया ज्यात होते त्या विजेच्या सेलला ३ व्होल्ट धरा, एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं धरा, तरी किलोमागे साधारण ३४ युनिट वीज जाते. वीज कोळशाची असेल तर युनिटमागे जवळपास १ किलो सीओटू, म्हणजे ३ किलो सीओटू वापरायला ३४ किलो हवेत सोडला. फॉर्मिक अॅसिडला २ च इलेक्ट्रॉन, किलोला साडेतीन युनिटच्या आसपास, सुरुवात तिथून करा.

साखरपट्टा:
कोळशाची वीज धरून कुठलीही प्रक्रिया तोट्यातच जाणार, म्हणून ती वाईट ठरत नाही. सोलरवर चालवायची. आणि सीओटू पण चिमणीतून गाळायला नको, आमच्याकडे डिस्टिलरीत मळी आंबवताना १ किलो इथेनॉलमागे जवळपास तेवढाच सीओटू निघतो, बऱ्यापैकी शुद्ध, आणि कितीतरी ठिकाणी तो तसाच सोडून देतात, ते बघून जीव तुटतो.

तांबट:
सीओटूबद्दल तुमचं पटलं. पण सोलरवर प्लांट दिवसातले ५-६ तासच पूर्ण ताकदीने चालणार, उरलेला वेळ एवढं महाग इलेक्ट्रोलायझर (अशा सेलचं यंत्र) बंद, त्याचं व्याज कोण भरणार?

मेम्ब्रेन:
दोघांनीही मुख्य दुखणं सोडलं. सेलमध्ये हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, तयार होतो, तो सीओटूच खाऊन कार्बोनेट करतो. न्यूट्रल किंवा अल्कलाइन सेलमध्ये इथिलीन करताना ४ पैकी ३ रेणू असे जातात! तो परत मिळवायला वेगळी ऊर्जा. म्हणून मला दोन टप्पे बरे वाटतात, आधी सुमारे ८०० अंशाच्या सिरॅमिक सेलमध्ये सीओटूचा कार्बन मोनॉक्साइड, तिथे पाणीच नाही त्यामुळे कार्बोनेट नाही, मग त्याचं पुढे काय करायचं ते करा. हे स्वप्न नाहीये, नासाच्या परसिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी या उपकरणाने २०२१ मध्ये याच पद्धतीने मंगळावर सीओटूपासून ऑक्सिजन काढला.

साखरपट्टा:
पण ८०० अंशाचा सेल सोलरवर रोज चालू-बंद केला तर तडकणार, मग तांबटांचाच प्रश्न परत येतो. आणि फॉर्मिक अॅसिड म्हणाल तर ते पाण्यात मिसळलेलं निघतं, दोघांचा उत्कलनबिंदू १०० अंशाच्या आसपास, साध्या डिस्टिलेशनने वेगळं होत नाही.

तांबट:
वेगळं करायचंच कशाला? केरळात रबराचा चीक गोठवायला फॉर्मिक अॅसिड पातळ करूनच घालतात. सेलमधल्या द्रावणातलं मीठ तेवढं काढावं लागेल, त्याचा खर्च मी धरला नव्हता, ही चूक माझी. पण इथिलीनच्या ३४ युनिटचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.