बिनडोक साहेब, अंतराळात पण?

सुवर्णदुर्गासमोर: पावसाळी बंदीत बोट किनाऱ्याला ओढलेली, काम नाही, म्हणून अंतराळयुद्धाच्या कथा वाचायचा सपाटा लावला. आणि राव वैताग आला. सगळीकडे शिपाई बिचारे चिखलात, हेल्मेटला तडा, ऑक्सिजन संपत आलेला, आणि वर एक साहेब जो नुसता गाढव. का गाढव, ते कोणी सांगत नाही. माझ्या मते हा लेखकाचा आळशीपणा आहे. मंगळावरून पृथ्वीला सिग्नल पोचायलाच 3 ते 22 मिनिटं लागतात, उत्तर यायला तेवढीच परत, म्हणजे हुकूम येईपर्यंत तुकडी कुठच्या कुठे गेलेली असणार. हुशार साहेबसुद्धा तिथे गाढवच ठरेल की! ते लिहा ना.

कोळंबीभात: नाही पटलं. खरे गाढव असतातच, त्याला फिजिक्स लागत नाही. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत नौदलाच्या 'तलवार' तळावर खलाशांनी जेवण नाकारलं ते काय सिग्नल उशिरा आला म्हणून? निकृष्ट अन्न आणि कमांडरच्या शिव्या. बघता बघता 20,000 च्या आसपास खलाशी संपात. साहेब तिथेच होता, हाकेच्या अंतरावर.

सुवर्णदुर्गासमोर: हो पण ते जेवण आणि शिव्या आहेत म्हणून तर ते खरं वाटतं ना भाऊ, माझं तेच म्हणणं आहे, कथेत डाळ कशी होती ते कुठे असतं?

लाल माती: 😂 डाळ.
बाकी धागाकर्त्याशी अर्धी सहमत. विजयदुर्ग आठवा, फेब्रुवारी 1756. इंग्रज समुद्रातून, पेशव्यांची फौज जमिनीवरून, आणि किल्ल्याचा धनी तुळाजी आंग्रे स्वतः किल्ला सोडून वाटाघाटीला पेशव्यांच्याच छावणीत. गलबतं किल्ल्याखाली एकमेकांना बांधून ठेवलेली, एकावर गोळा पडला, आग लागली आणि सगळं आरमार जळालं. आता जो खलाशी तटावरून हे बघत होता त्याला कारण सांगून काय उपयोग? त्याला दिसतं एवढंच की दोर बांधायला कोणीतरी सांगितलं होतं आणि तो सांगणारा आता जागेवर नाही. शिपायाच्या कथेत साहेब गाढवच दिसणार, कारण ती शिपायाची कथा आहे. साहेबाची बाजू हवी तर साहेबावर लिहा.

कोळंबीभात: जियो ताई!

सुवर्णदुर्गासमोर: दोराचं पटलं, लागलं पण. तरी सांगतो. मी दोन हंगाम एका ट्रॉलरवर होतो. वारं फिरलं, तांडेल, म्हणजे बोटीवरचा कप्तान, म्हणाला परत फिरवू, पण शेठचा फोन, डिझेल जाळलंय, अजून एक ओढ मारा. तांडेलाने फोन कानाला तसाच धरून ठेवला, कट झाल्यावर पण, आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, सोडा जाळं. शेठ मूर्ख नव्हता, त्याच्या डोक्यावर बर्फाचं आणि डिझेलचं बिल होतं. आणि आम्ही शिव्या कोणाला घातल्या? तांडेलाला. मला तो फोन कानाला धरलेला माणूस हवाय कथेत, स्पेससूट घालून.

खाडीपलीकडे: अरे मेल्या मग तूच लिही की, आम्हाला कशाला पिडतोस. एक शंका, जाळ्यात मासा किती आला?

सुवर्णदुर्गासमोर: दोन टोपल्या. त्यात पण अर्धा कचरा.

कोळंबीभात: म्हणजे शेठ गाढवच होता ना शेवटी 😂

लाल माती: लिहा खरंच. पण तांडेलाला शहाणा करू नका, तो पण घाबरलेला असू दे.

सुवर्णदुर्गासमोर: बघतो. 1 ऑगस्टला बंदी उठतेय, शेठ म्हणतो त्याच रात्री निघायचं, आई म्हणते नारळी पौर्णिमेआधी पाण्यात पाय घालायचा नाही. सध्या फोन सायलेंटवर ठेवलाय.